औषध फुकट, पण दवाखान्यापर्यंत जायचं कसं?



वस्तीत फिरताना आम्ही म्हाताऱ्या माणसांना नेहमी विचारतो, "आजी, बीपीच्या गोळ्या का बंद केल्या?" उत्तर बहुतेक वेळा गोळ्यांचं नसतं, वाटेचं असतं. "नेणार कोण, बाई? पोरगा कामावर जातो. रिक्षाला पैसे कुठून आणू?" १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पण आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा, चौदा तालुक्यांचा. जामखेड किंवा अकोल्याच्या माणसाला सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं तर अख्खा दिवस जातो. मग तपासणी लांबते, साखर वाढते, पायाची जखम चिघळते आणि शेवटी पाय कापायची वेळ येते. गाडीभाड्यापायी पाय जाणं ही गोष्ट आम्ही वॉर्डात काम करताना पाहिली आहे.

म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व आलं तर माणसाला सरकारी मदत मिळावी, अशी तरतूद संविधानाच्या कलम ४१ मध्ये आहे. प्रवासासाठी सरकार पैसा खर्चही करतं. अडचण अशी की हा पैसा एका ठिकाणी नाही. थोडा एसटीकडे आहे, थोडा ग्रामपंचायतीकडे, थोडा दवाखान्यात, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा कागद लागतो. म्हणून घरापासून दवाखान्यापर्यंत आणि परत घरी, असा प्रवासाचा एकेक टप्पा बघू.

जीव धोक्यात असेल तर १०८

छातीत कळ, अचानक तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, दम लागणं, अपघात, बेशुद्धी यांत रिक्षा शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. ही गाडी मोफत आहे. फोनवर गाव, वस्तीचं नाव आणि जवळची खूण सांगा: शाळा, विहार, पाण्याची टाकी. एका माणसाला रस्त्यावर उभं करा. आपल्या वस्त्या गावाच्या कडेला असतात, गल्ल्या अरुंद असतात. गाडी शोधण्यात मिनिटं जातात आणि अर्धांगवायूत प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ ची गाडी आहे, तीही मोफत.

महिन्याच्या तपासणीला किंवा दाखला काढायला मात्र १०८ येत नाही. तिथे एसटीच कामाला येते.

एसटीची सवलत

वय ७५ पूर्ण झालं असेल तर राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. ही सवलत ऑगस्ट २०२२ पासून सुरू आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. बाईमाणसाला मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं तिकीट.

४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर साध्या गाडीत ७५ टक्के सवलत मिळते, म्हणजे शंभर रुपयांच्या तिकिटाला पंचवीस रुपये. अपंगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबत येणाऱ्या एका माणसालाही अर्धं तिकीट आहे. हे फार थोड्यांना माहीत असतं. अंध बाबांना घेऊन जाणारा नातू पूर्ण तिकीट काढतो आणि पुढच्या वेळी जायचं टाळतो.

डायलिसिस, सिकलसेल, हिमोफिलिया आणि एचआयव्हीच्या रुग्णांना साध्या गाडीत प्रवास मोफत आहे. दवाखान्याचा दाखला जवळ ठेवा. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या घराला या एका कागदाचा किती आधार होतो, ते त्या घरालाच माहीत.

या सवलतीचे पैसे राज्य सरकार एसटीला भरून देतं. म्हणून मोफत प्रवासातही शून्य रुपयाचं तिकीट मागून घ्या. तो तुमच्या प्रवासाचा हिशोब आहे. तुम्ही कुणाची मेहेरबानी घेत नाही. कुणी अरेरावी केली तर भांडू नका. गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ लिहून घ्या आणि आगारप्रमुखाकडे लेखी तक्रार द्या.

वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड चालतं, आणि इथेच बरेच जण अडकतात. कार्ड काढताना अंदाजाने १ जानेवारी लावलेली असते, आणि ८० वर्षांची आजी कागदावर ६८ ची निघते. आधार केंद्रावर जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. म्हणून कोणता पुरावा चालेल ते आधी विचारा, तो हातात आल्यावरच जा.

घरापासून स्टँडपर्यंत

सगळ्यात अवघड टप्पा हाच आहे. या दोन-तीन किलोमीटरसाठी वेगळी योजना नाही, पण पैसा आहे. ग्रामपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका, जिल्हा परिषद या सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. ग्रामपंचायतीने आणखी १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. घरपट्टी-पाणीपट्टी आपणही भरतो, त्यातलाच हा पैसा आहे.

यातून व्हीलचेअर, कुबड्या, तीनचाकी सायकल मागता येते. वस्तीच्या सामायिक वापरासाठी विहारात एक व्हीलचेअर ठेवा, वस्तीतून मोठ्या रस्त्यापर्यंतचा खडबडीत रस्ता नीट करा, अशी मागणी करता येते. काय द्यायचं ते पंचायत ठरवते, म्हणून मागणी आधी पोचायला हवी. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि ग्रामसभेत तो वाचायला लावा. खर्चच झाला नाही असं वाटलं तर माहितीच्या अधिकारात विचारा: गेल्या तीन वर्षांत स्वतःचं उत्पन्न किती, आणि दिव्यांगांवर खर्च किती? अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या घराला तेही नाहीत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

ज्यांचं वय ६५ झालं आहे आणि घरचं वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी ३००० रुपये थेट बँक खात्यात, अशी ती आहे. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. हातात धड काठी आली तरी पुष्कळ म्हातारी माणसं स्टँडपर्यंत स्वतः चालत जातात.

परतीचं भाडं

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं तर घरी जाताना एक वेळचं भाडंही त्याच पॅकेजमध्ये धरलेलं असतं. एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं जेवढं होईल तेवढं. डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, "आमचं घरी जायचं भाडं?" रक्कम लहान आहे, पण न विचारता सहसा कुणी सांगत नाही.

कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईला जावं लागलं तर रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. दवाखान्याकडून रेल्वेच्या नमुन्यातला दाखला घ्या. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. त्या भरवशावर तिकिटाचा हिशोब करू नका.

आधी हा कागद

दिव्यांगांच्या सगळ्या सवलतींची किल्ली एकच: यूडीआयडी कार्ड. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा असतो, गावातल्या सेतू केंद्रातून होतो. मग सरकारी दवाखान्यात तपासणी. कार्डाचा रंग बघा: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० आणि वर निळा. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. त्यात पार्किन्सन, थॅलेसेमिया, सिकलसेल, मानसिक आजार हेही येतात. "आमचे हातपाय शाबूत आहेत, आम्हाला कुठलं कार्ड?" असं म्हणून घरी बसू नका.

वस्तीने काय करायचं

एकट्या घराला हे सगळं झेपत नाही. आमचं सांगणं एवढंच, की विहारात एक वही ठेवा. वस्तीतली ६५ वर्षांवरची आणि दिव्यांग माणसं तीत लिहा: नाव, आधारवरचं वय, यूडीआयडी आहे की नाही, औषध कोणतं, पुढची तारीख कधी. रविवारी वंदना झाली की पाच मिनिटं ती वही वाचा. एकाच दिवशी चार जणांना नगरला जायचं असेल तर एकच रिक्षा करा आणि सोबत एक शिकलेली पोरगी पाठवा. अर्धी अडचण तिथेच मिटते.

ग्रामसभेच्या आधी त्याच वहीवरून अर्ज तयार करा. एकट्याचा अर्ज टेबलाखाली जातो. तीस नावांची यादी आणि मागे बसलेली तीस माणसं पाहिली की उत्तर द्यावंच लागतं.