पापणीवरचे लाल लासे

पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी रीत. पुण्यात संसार थाटलेली एखादी लेक बारामती-नीरा रस्त्यावरच्या पणदऱ्यासारख्या गावी आईकडे येते. भोवती ऊस, घरचे दूधदुभते. बाळबाळंतिणीचे सारे यथासांग चाललेले असते. जन्मतः बाळाच्या अंगावर डाग म्हणून नसतो. पण दोन-तीन आठवड्यांनी वरच्या पापणीवर लाल ठिपका उमटतो. मुंगी चावली असेल, असे वाटते. सव्वा महिना सरेतो त्याचा डाळिंबाच्या दाण्यासारखा टपोरा फुगवटा झालेला असतो!

मग कुणी म्हणते, "पोरीने ग्रहण पाळले नसेल." कुणी म्हणते, "लासे आहे ते, आपोआप जाईल." पहिले म्हणणे साफ खोटे, त्या माउलीचा यात काडीचाही दोष नाही. दुसरे मात्र खरे आहे, आणि घात होतो तो त्यामुळेच.

ही रक्तवाहिन्यांची गाठ. डॉक्टर तिला हिमँजिओमा म्हणतात. ती कर्करोगाची नव्हे. मुलींत ती अधिक आढळते. पाचव्या ते आठव्या आठवड्यात ती झपाट्याने वाढते, पाच महिन्यांत तिची बहुतेक वाढ पुरी होते आणि पुढे काही वर्षांत ती हळूहळू ओसरते. पाठीवर लहानशी गाठ असेल, तर बहुधा नुसते लक्ष ठेवले तरी चालते.

डोळ्याचे तसे नाही. बाळ पाहायला शिकते ते याच महिन्यांत. गाठीने बुबुळ दाबले, की डोळ्याला नंबर येतो. पापणी खाली आली, तर नजरच झाकली जाते. मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि डोळा 'आळशी' होतो. मूल शाळेत जाईतो लासे नाहीसे होते, पण गेलेली नजर परतेलच असे नाही.

आज यावर चांगला उपाय आहे. फ्रान्समधील बोर्दो येथे डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांनी एका बाळाला हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रॅनोलॉल हे जुनेच औषध दिले, तो दुसऱ्या दिवशी त्याच्या नाकावरची लालभडक गाठ जांभळट होऊन मऊ पडली! 2008 साली हा अनुभव प्रसिद्ध झाला आणि उपचारांची दिशाच बदलली. हे औषध काही महिने द्यावे लागते. आधी हृदय तपासून, आणि बाळाचे पोट भरलेले असतानाच, कारण रक्तातली साखर उतरण्याची भीती असते. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे.

प्रत्येक लाल डाग असा नसतो, बरे का! दोन्ही पापण्यांवरची, रडताना गडद होणारी फिकट गुलाबी छटा वर्षा-दोन वर्षांत बहुधा विरते. पण चेहऱ्याच्या एका बाजूचा, जन्मापासूनचा जांभळट सपाट डाग आपोआप जात नाही. तो पापणीवर असेल, तर काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब तपासून घ्यावा. असे डाग लेसरने फिके करता येतात.

आशाताई बाळाला पाहायला 42 व्या दिवसापर्यंत घरी येतात. त्यांना ठिपका दाखवा. काजळाखाली तो झाकू नका, बिब्बा किंवा चुना लावू नका. दर आठवड्याला दिवसाउजेडी त्याचा फोटो काढून ठेवा. आणि बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडू नये, हा नेम एवढ्यापुरता मोडा. बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो वा पुण्याचे ससून, ठिपका दिसताच बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ या दोघांनाही बाळ दाखवून आणा.