अतिथी यंत्राची शीतनिद्रा आणि तिची स्वयंचलित परीक्षा

१

‘भारनियमन’ हा शब्द या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात घरोघरी पोहोचला. दारव्हा तालुक्यासारख्या वऱ्हाडातील प्रदेशात ज्यांनी ते दिवस अनुभवले, त्यांना वेगळे सांगावयास नको की, जे केवळ विजेच्या आधारे टिकते ते विजेबरोबरच नाहीसे होते. संगणकाची चालू स्मृती, म्हणजे रॅम, याच जातीची वस्तू आहे. यंत्र काम करीत असताना उघडलेले लेख, अर्धवट झालेली गणिते, चालू कार्यक्रमांच्या अवस्था हे सर्व तिच्यात असते. आणि प्रवाह खंडित होताच त्यातील काहीही उरत नाही.

या अडचणीतून यंत्राला विश्रांती देण्याच्या दोन रीती निघाल्या. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या मानकात त्यांना अनुक्रमे एस-३ व एस-४ अशा संज्ञा आहेत. पहिलीत यंत्राचे बहुतेक भाग बंद होतात, परंतु स्मृतीला जेमतेम पुरेल एवढा प्रवाह चालू राहतो. हिला सामान्यतः ‘निद्रा’ म्हणतात. दुसरीत स्मृतीतील मजकूर डिस्कवर उतरवून यंत्र पूर्णपणे बंद केले जाते, हीच ‘शीतनिद्रा’.

हे दुसरे नाव वस्तूला तितकेसे अनुरूप नाही. शीतनिद्रेत गेलेल्या प्राण्याचा श्वास मंदावतो, हृदयाचे ठोके विरळ होतात, देहाचे तापमान उतरते. तथापि जीवनक्रिया थांबत नाही. या अर्थाने पाहिले असता शीतनिद्रा हे नाव एस-३ या अवस्थेलाच अधिक शोभले असते. एस-४ अवस्थेतील यंत्रात मंद असे काहीच चालू नसते. तेथे शिल्लक असतो तो केवळ एक लेख, आणि अशा यंत्राचे जागे होणे म्हणजे वस्तुतः त्या लेखाचे वाचन होय. नावातील ही विसंगती लक्षात ठेवली म्हणजे पुढील विवेचनाचा मुख्य प्रश्न आपोआप समोर येतो: लेख लिहिला गेला, पण तो वाचला गेला की नाही, हे कसे ओळखावे?

२

एका प्रत्यक्ष यंत्राच्या पोटात आज्ञावलीच्या साह्याने दुसरे यंत्र उभे करण्याची कल्पना जुनी आहे. आयबीएमची व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर झाली. लिनक्सच्या कर्नलमध्ये केव्हीएम ही सोय २.६.२० या आवृत्तीबरोबर फेब्रुवारी २००७ मध्ये आली. बाहेरचे यंत्र यजमान आणि आतले आभासी यंत्र अतिथी, असा हा संसार आहे. अतिथीला मिळणारी डिस्क, जाळ्याची जोडणी, घड्याळ ही सर्व यजमानाने निर्माण केलेली रूपे असतात. क्यूएमू हा कार्यक्रम ती पुरवितो.

अतिथीची अवस्था जतन करण्याचे दोन मार्ग आहेत व ते एकमेकांपासून कटाक्षाने वेगळे ठेविले पाहिजेत. यजमान स्वतः अतिथीला जागच्या जागी थांबवून त्याची स्मृती बाहेरून उतरवून घेऊ शकतो. यात अतिथीला काही कळण्याचेही कारण नसते. शीतनिद्रेत मात्र अतिथी आपली अवस्था स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डिस्कवर लिहितो आणि मग बंद होतो. यासाठी त्याच्या आतील प्रत्येक ड्रायव्हरने या कामात सहभागी होणे आवश्यक असते.

ही गोष्ट प्रारंभापासून साध्य नव्हती. केव्हीएमच्या अतिथीत डिस्क व जाळे यांच्यासाठी ‘व्हर्टआयओ’ ही आभासी उपकरणे वापरली जातात. यजमान व अतिथी यांच्यातील देवघेव रांगांच्या रूपाने स्मृतीत चालते. अतिथी बंद होऊन पुन्हा सुरू झाला की समोर येणारे उपकरण कोरे असते; त्याला जुन्या रांगांची ओळख नसते. झोपण्यापूर्वी रांगा मोडणे व उठल्यावर त्या नव्याने मांडणे हे काम ड्रायव्हरनेच करावयास हवे. त्या वेळी रेड हॅट कंपनीत पुण्यात काम करीत असलेले अमित शाह यांनी २०११ च्या उत्तरार्धात या ड्रायव्हरांसाठी तशी जोड लिहिली, आणि मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ३.३ मध्ये ती समाविष्ट झाली. या उदाहरणावरून असे दिसून येईल की, शीतनिद्रा ही एकाच ठिकाणी बसविलेली सोय नाही. ती अनेक घटकांच्या परस्परसंमतीवर अवलंबून असते, आणि त्यांतील एकाने जरी चूक केली तरी ती मोडते. म्हणूनच तिची परीक्षा वारंवार, व माणसाच्या देखरेखीवाचून, घ्यावी लागते.

३

लिनक्समधील शीतनिद्रेचा क्रम असा आहे. प्रथम चालू कार्यक्रम गोठविले जातात. नंतर उपकरणांची हालचाल थांबविली जाते व स्मृतीची प्रतिमा स्मृतीतच तयार होते. ती डिस्कवर लिहिण्यासाठी उपकरणे पुन्हा काही वेळ जागी केली जातात. प्रतिमा स्वॅप या राखीव जागेत लिहिली जाते, तिच्यावर ओळखीची खूण ठेवली जाते आणि यंत्र बंद होते.

जागृतीचा क्रम अधिक विचार करण्याजोगा आहे. यंत्र सुरू होते तेव्हा प्रथम एक नवाच कर्नल उठतो. तो स्वॅपमध्ये खूण शोधतो. ती सापडल्यास प्रतिमा स्मृतीत भरून तो आपली जागा जुन्या कर्नलला देतो. ती न सापडल्यास, किंवा प्रतिमा वाचता न आल्यास, तो नेहमीप्रमाणे यंत्राचा नवा प्रारंभ करतो. या दुसऱ्या प्रसंगी कोठलाही आक्रोश होत नाही. नोंदवहीत एखादी ओळ पडत असेल, परंतु पडद्यावर नेहमीचेच प्रवेशद्वार दिसते.

याचा परिणाम काय होतो हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. दारव्हा तालुक्यातील वऱ्हाडी बोलीचे ध्वनिमुद्रित नमुने एखाद्या विद्यार्थ्याने लिप्यंतरित केले आहेत, आणि त्यांतील क्रियापदरूपांची वारंवारता मोजणारा कार्यक्रम तो दूरच्या अतिथी यंत्रावर चालवीत आहे. कोष्टक स्मृतीत तयार होत आहे. रात्री यंत्र शीतनिद्रेत जाते व सकाळी उठते. उठले म्हणजे सर्व ठीक आहे असे समजून तो पुढे जातो. प्रत्यक्षात नवा प्रारंभ झालेला असेल व कार्यक्रम आपोआप पुन्हा सुरू होऊन उरलेल्याच नमुन्यांची मोजणी करीत असेल, तर हाती येणारे कोष्टक दिसावयास पूर्ण पण वस्तुतः अर्धे असेल. त्यावर उभारलेला निष्कर्ष चुकीचा ठरेल, आणि चुकीचे मूळ कोणाला दिसणारही नाही.

४

आता स्वयंचलित परीक्षेचे स्वरूप पाहावयाचे आहे. तिच्यापुढे पहिली अडचण साक्षीची आहे. यजमान अतिथीच्या आत बसविलेल्या ‘गेस्ट एजंट’ला शीतनिद्रेची आज्ञा देतो. ही आज्ञा यशस्वी झाल्यास तिला उत्तर येत नाही. जो झोपला त्याने ‘मी झोपलो’ असे सांगणे शक्यच नाही. म्हणून साक्षीदार बाहेरचा हवा. क्यूएमू आपल्या नियंत्रणवाहिनीवर अतिथी एस-४ मध्ये गेल्याची वार्ता साध्या बंद होण्याच्या वार्तेहून वेगळी देते. परीक्षकाने या वार्तेची, ठराविक मुदत ठरवून, वाट पाहिली पाहिजे. केवळ यंत्र बंद झाले एवढ्यावरून ते झोपले असे मानता येत नाही. ते कोसळूनही बंद झालेले असू शकते.

दुसरी अडचण ओळखीची आहे. उठलेला अतिथी तोच आहे हे सिद्ध करण्यासाठी झोपण्यापूर्वी खूण ठेवावी लागते, आणि ती केवळ स्मृतीत राहणारी असावी लागते. नवशिक्या परीक्षकाची चूक बहुधा येथेच होते. तो डिस्कवर एक फाइल लिहितो, यंत्र उठल्यावर ती पाहतो आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे नोंदवितो. परंतु डिस्कवरील फाइल नव्या प्रारंभानंतरही तेथेच असते. जी खूण दोन्ही प्रसंगी सापडते ती खूणच नव्हे.

उपयुक्त खुणा अशा: लिनक्समध्ये प्रत्येक प्रारंभासाठी ‘बूट आयडी’ हा यादृच्छिक क्रमांक ठरतो व पुढील प्रारंभापर्यंत तो बदलत नाही. शीतनिद्रेपूर्वी व नंतर तो एकच असेल तर जुना कर्नल परत आला. वेगळा असेल तर नवा प्रारंभ झाला. याच्या जोडीला परीक्षकाने एक लहान कार्यक्रम चालू ठेवावा, त्याला स्मृतीत एक यादृच्छिक शब्द द्यावा व जागृतीनंतर त्याच कार्यक्रमाकडून तो परत मागावा. पहिल्या खुणेने कर्नलची ओळख पटते, दुसरीने त्याच्या आश्रयाला असलेल्या कार्यक्रमाची.

यानंतर उपकरणांची चौकशी येते: डिस्कवर नवे लेखन होते काय, जाळ्यातून उत्तर येते काय, घड्याळ बाहेरच्या वेळेशी जुळले काय. या सर्वांवरून निकाल ‘यश’ व ‘अपयश’ अशा दोनच कप्प्यांत न टाकता निदान पाच ठिकाणी विभागावा: अतिथी झोपलाच नाही, झोपला पण नव्याने सुरू झाला, तोच उठला पण विकल होऊन उठला, सुस्थितीत उठला, आणि त्याला झोपण्याची मुभाच नव्हती. शेवटचा प्रकार दुर्लक्षणीय नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ५.४ मधील ‘लॉकडाउन’ ही सुरक्षाव्यवस्था लागू असेल तर शीतनिद्रा नाकारली जाते, कारण डिस्कवरील प्रतिमा मधल्या काळात कोणी बदलली नाही याची खात्री नसते. नकार म्हणजे बिघाड नव्हे.

५

दोष कोठे आहे हे शोधण्यासाठी कर्नलमध्येच पायरीपायरीने चाचणी करण्याची सोय आहे. कार्यक्रम गोठविणे, उपकरणे थांबविणे इत्यादी टप्प्यांपैकी हव्या त्या टप्प्यापर्यंत जाऊन, पाच सेकंद थांबून, तो माघारी फिरतो. ज्या टप्प्यावर परतीची वाट खुंटते तेथे दोष शोधावा.

अतिथी यंत्र या कामाला विशेष सोयीचे आहे. प्रत्यक्ष यंत्र उठले नाही तर कोणीतरी जाऊन कळ दाबावी लागते. अतिथी उठला नाही तर यजमान त्याला टाकून देतो व स्वच्छ डिस्कवरून पुन्हा आरंभ करतो. त्याचे शेवटचे उद्गार आभासी सिरियल पोर्टातून यजमानाच्या फाइलीत पडलेले असतात. शंभर वेळा झोपवावे, शंभर वेळा उठवावे, एखाद्या वेळी डिस्कवर लेखनाचा भार असताना झोपवावे, हे सर्व रात्रीतून होऊ शकते. शीतनिद्रेचे दोष बहुधा वेळेच्या सूक्ष्म योगायोगावर अवलंबून असल्यामुळे एका यशाला फारसे मोल नसते.

मात्र एक दक्षता आवश्यक आहे. एकच प्रतिमा दोनदा वाचली जाता कामा नये. पहिल्या जागृतीनंतर डिस्क बदललेली असते; दुसऱ्यांदा उठलेल्या अतिथीच्या स्मृतीत मात्र तिचे जुनेच चित्र असते, आणि त्या भरवशावर तो लिहू लागला तर फाइलव्यवस्था उद्ध्वस्त होते. म्हणून कर्नल प्रतिमा स्वीकारताना तिची खूण पुसतो. परीक्षकानेही डिस्कच्या प्रती हाताळताना हाच नियम पाळावा.

६

शेवटी परीक्षेचीही परीक्षा झाली पाहिजे. प्रतिमा न वाचता उठण्याची सूचना कर्नलला ‘नो-रिझ्युम’ या पर्यायाने देता येते. ती मुद्दाम देऊन परीक्षा चालवावी. त्या वेळीही परीक्षेने यशाचा निकाल दिला, तर आजवरचे तिचे सर्व यशाचे निकाल रद्द समजावेत.

ॲमेझॉन कंपनीने मुंबईतील आपले संगणनकेंद्र जून २०१६ मध्ये खुले केले, आणि भाड्याने दिल्या जाणाऱ्या आपल्या आभासी यंत्रांना शीतनिद्रेची सोय नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रथम उपलब्ध करून दिली. दारव्ह्यात बसून काम करणाऱ्या अभ्यासकाचे यंत्र आता शेकडो मैलांवर असू शकते. त्याची झोप त्याला दिसत नाही, त्याचे उठणे तेवढे दिसते. संशोधनाची सामग्री अशा यंत्रांच्या स्वाधीन करणाऱ्या विभागांनी यंत्र उठले काय, एवढेच विचारून थांबू नये. ते जागे झाले की नव्याने जन्मले, हा प्रश्न विचारल्यावाचून हाती आलेल्या कोष्टकावर विश्वास ठेवणे शास्त्रीय वृत्तीस धरून होणार नाही.