रोबोटिक शस्त्रक्रिया : मेजाशेजारचा सहायक

यंत्रच शस्त्रक्रिया करते, असा समज ग्रामीण भागात पुष्कळदा आढळतो. वस्तुतः यंत्राचे हात शल्यचिकित्सकाच्या हातांनी चालतात. तो मात्र रुग्णाजवळ नसतो. काही फूट अंतरावर नियंत्रण-मंचाशी, पडद्यातील दृश्यावर नजर लावून बसलेला असतो. ७ सप्टेंबर २००१ रोजी तर न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या शल्यचिकित्सकांनी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील महिलेचे पित्ताशय काढले. त्याही वेळी रुग्णाशेजारी डॉक्टर उभेच होते.

मेजाशेजारच्या या सहायकाचे काम वरकरणी दुय्यम वाटते. पोटावर छिद्रे घेऊन नळ्या बसविणे, यंत्राचे हात त्यांना जोडणे, हत्यारे बदलणे, रक्त शोषून घेणे, टाक्याची सुई आत देणे, धूसर झालेले भिंग पुसणे, ही सारी कामे त्याचीच. यंत्राचे हात बाहेर एकमेकांवर आदळू लागले, तर ते प्रथम त्यालाच दिसते. बहुतेक यंत्रांत मंचावरील डॉक्टरला ऊतींचा स्पर्श जाणवत नाही. सहायकाच्या हाताला तो जाणवतो.

प्रशिक्षणात त्याचे महत्त्व अधिकच वाढते. मंचावर शिकाऊ डॉक्टर बसला असता मेजाशी अनुभवी सहायक असेल, तर शिक्षकाला आपले लक्ष शिष्यावर ठेवता येते. दोन्हीकडे नवखे असल्यास मात्र शिक्षकाची नजर विभागते आणि धोका रुग्णाला पत्करावा लागतो. म्हणूनच शिकाऊ डॉक्टरनेही आभासी यंत्रावरील सरावाबरोबर प्रथम मेजाशी उभे राहावे, हा क्रम योग्य ठरतो. तालमीतील माती अंगाला लागल्यावाचून डाव उमगत नाही, हे कोल्हापूरकरांस सांगणे नलगे.

खरी कसोटी अचानक रक्तस्राव झाल्यास लागते. मंचावरील डॉक्टर निर्जंतुक पोशाखात नसतो. हात धुऊन, झगा व हातमोजे चढवून येईपर्यंत मोलाचा वेळ जातो. तेवढ्यात सहायकाने रक्तस्रावाच्या जागी दाब द्यावयाचा, आणि पोट उघडण्याचा निर्णय झाल्यास परिचारिकेसह यंत्राचे हात सोडवून ते दूर सारावयाचे. कोणी काय करावयाचे, हे आधी ठरवून त्याची रंगीत तालीम करावी लागते.

हे काम बहुधा निवासी डॉक्टर अथवा प्रशिक्षित परिचारिका करतात. यंत्राची मांडणी व आच्छादन यांत शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञांचा हातभार असतो. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या निमवैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात या तंत्रज्ञांची स्वतंत्र शाखा आहे. बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी तिची माहिती अवश्य द्यावी.