सगळ्यांचं सॉफ्टवेअर राखतं कोण?

संगणक शिकवताना दरवर्षी कुणी ना कुणी मला दोन प्रश्न विचारतंच. लिनक्स, फायरफॉक्स यांसारख्या गोष्टी आपल्याला फुकट मिळतात, तर त्या बनवणाऱ्यांना काय मिळतं? आणि एकमेकांचं तोंडही न पाहिलेली हजारो माणसं मिळून एक वस्तू बनवतात, म्हणजे नेमकं करतात तरी काय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ओघात येईलच. दुसऱ्याचं मात्र जरा सवडीनं द्यायला हवं.

आधी ‘ओपन सोर्स’ म्हणजे काय ते पाहू. थालीपिठाची भाजणी घ्या. दुकानातल्या पाकिटातली भाजणी चवीला उत्तम असेल, पण एकदा दळून झाली की तिच्यातून ज्वारी, हरभरा, धने वेगळे काढता येत नाहीत. धने जास्त झालेत असं वाटलं तरी आपण काही करू शकत नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. प्रोग्रॅमर लिहितो ते माणसाला वाचता येईल अशा ओळींत. तो सोर्स कोड. मग तो ‘दळून’ यंत्राला कळेल अशा रूपात येतो आणि आपल्या हाती बहुतेक वेळा पडतं ते हे पीठच. ओपन सोर्समध्ये पिठाबरोबर मोजमापांसकट यादी मिळते. ती वाचायची, बदलायची, बदललेली भाजणी शेजारीपाजारी वाटायची, अगदी विकायचीसुद्धा परवानगी असते. फुकट मिळणं हा त्यातला दुय्यम भाग झाला.

ही परवानगी कायद्याच्या चौकटीत बसवली ती रिचर्ड स्टॉलमन यांनी. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना आला. त्याची मुख्य अट मोठी हुशारीची आहे. बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात, तर त्याची यादीही द्यायची आणि तुम्हाला मिळाली तेवढीच मोकळीक त्यालाही द्यायची. म्हणजे सामाईक विहिरीचं पाणी घ्या, पण तिच्याभोवती स्वतःचं कुंपण घालू नका.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं, आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहोत, असं जाहीर केलं आणि लोकांच्या सूचना मागवल्या. पुढच्याच वर्षी त्यानं ती जीपीएलखाली आणली. तीच लिनक्स. तुमच्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात तिचाच गाभा आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची यादी निघते, त्यातले झाडून सगळे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतात.

आता काम कसं चालतं ते पाहू. समजा, तुमचा लॅपटॉप मिटून पुन्हा उघडला की टचपॅड काम करेनासं होतं. तुम्हाला प्रोग्रॅमिंग येतं, म्हणून तुम्ही संबंधित भाग शोधून तीन ओळी बदलता आणि टचपॅड चालू लागतं. हा बदल इतरांना द्यायचा तर अख्खा प्रोग्रॅम पाठवायचा नसतो, फक्त फरक पाठवायचा. काढलेल्या ओळीपुढे उणे चिन्ह, घातलेल्या ओळीपुढे अधिक चिन्ह. याला म्हणतात पॅच, म्हणजे आपलं ठिगळच. सोबत हा बदल का केला ते चार ओळींत लिहायचं. माझ्या मते सगळ्यात अवघड भाग हाच आहे. कोड लिहिणारे पुष्कळ भेटतात, ‘का’ ते नीट सांगणारे थोडे.

लिनक्सच्या गाभ्याचे अनेक विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक विभागाला मेंटेनर, म्हणजे राखणदार नेमलेला असतो. पॅच त्याच्याकडे ई-मेलनं जातो, पण हा पत्रव्यवहार उघड्यावर चालतो. कुणीही वाचावं, कुणीही शंका काढावी. एक जण म्हणतो, जुन्या यंत्रांवर हे चालणार नाही. दुसरा म्हणतो, हेच काम दोन ओळींत होईल. तिसरा फक्त समासातल्या मोकळ्या जागांवर बोट ठेवतो (असा एक जण सगळीकडे असतोच). ठिगळ परत येतं, तुम्ही सुधारून पाठवता, पुन्हा परत येतं. पास झालं की त्याखाली नावं चढतात: चूक कळवली कुणी, बदल लिहिला कुणी, तपासला कुणी, चालवून पाहिला कुणी. २००४ पासून तर हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी लेखी ग्वाहीही प्रत्येकाला द्यावी लागते. मग राखणदाराकडून वरच्या राखणदाराकडे, आणि शेवटी टोरवाल्ड्सकडे. नवे बदल तो सुमारे दोन आठवडेच स्वीकारतो. त्यानंतरचे सात-आठ आठवडे फक्त दुरुस्त्या. असं दर नऊ-दहा आठवड्यांनी नवं रूप बाहेर पडतं. प्रत्येक खेपेला दहा हजारांहून अधिक बदल, हजारावर माणसं. हा कोड आता चार कोटी ओळींच्या घरात पोचला आहे.

आपल्याकडे बारभाईची शेती म्हटलं की पीक काही हाती लागायचं नाही, असं गृहीतच धरतात. इथे ते लागतं, कारण बांध कुणाचा आणि पाणी कधी, हे ठरलेलं आहे.

आणि हो, पहिल्या प्रश्नाचं उत्तर. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे बहुतेक जण आज पगारी आहेत. इंटेल, रेड हॅट, गूगल अशा कंपन्या त्यांना पगार देतात, कारण त्यांचा स्वतःचा धंदा या विहिरीवर चालतो. बाकीचे कुणी स्वतःची अडचण सोडवायला येतात, कुणी शिकायला, कुणी नाव कमवायला. त्यात कमीपणा काही नाही.

एवढ्या बदलांचा हिशेब ठेवायला चोपडीही तशीच हवी. आधी टोरवाल्ड्स एका कंपनीचं बिटकीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरत होता. २००५ च्या एप्रिलमध्ये त्याचा फुकट वापर बंद झाला, तेव्हा त्यानं काही दिवसांतच नव्या साधनाचा पाया घातला. ते गिट. जुलैमध्ये त्यानं ते जुनिओ हामानो यांच्या हाती सोपवलं. गिटमधल्या प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीवरून काढलेला एक लांबलचक क्रमांक असतो. मागचं एक अक्षर बदललं तरी पुढचे सगळे क्रमांक बदलतात. थोडक्यात, या चोपडीतलं पान गुपचूप फाडता येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सगळं वाचून हा फक्त प्रोग्रॅमर लोकांचा प्रांत आहे असं वाटेल. पण फायरफॉक्स किंवा लिब्रेऑफिस मराठीतून वापरता येतं, ते मुख्यतः अनुवाद करणाऱ्या मंडळींमुळे. हे काम दिसतं त्याहून किचकट आहे. फाइलला फाइल म्हणायचं की धारिका, यावर वाद होतातच, पण ते वरवरचं. खरी अडचण व्याकरणाची. इंग्रजी प्रोग्रॅमरनं ‘काढून टाकलं’ या अर्थाचा एकच शब्द लिहून ठेवलेला असतो आणि तो फाइल, फोल्डर, चित्र सगळ्यांना चिकटवतो. मराठीत फाइल काढली जाते, फोल्डर काढला जातो आणि चित्र काढलं जातं. म्हणजे एका वाक्याची तीन वाक्यं करायला हवीत आणि त्यासाठी मूळ कोडच बदलायला हवा. मग इथला अनुवादक तिकडच्या, ज्याला एकही मराठी शब्द येत नाही अशा प्रोग्रॅमरला नपुंसकलिंग समजावून सांगतो. समजलं की तो बदल करतो आणि त्याचा फायदा हिंदीलाही मिळतो, रशियनलाही.

इथवर सगळं गोड झालं. पण लिनक्सचा गाभा म्हणजे भरल्या घरचा वाडा आहे. ओपन सोर्सच्या वस्तीत पुष्कळ घरं अशीही आहेत, की जिथे राहतो एकटा माणूस आणि छपराखाली मात्र अख्खं गाव उभं असतं.

ओपनएसएसएलचं उदाहरण घ्या. बँकेच्या वेबसाइटवर पत्त्याशेजारी कुलूप दिसतं ना, त्यामागचं काम असंख्य ठिकाणी हे सॉफ्टवेअर करतं. २०१२ च्या मार्चमध्ये आलेल्या त्याच्या आवृत्तीत एक चूक होती. तिच्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतला गुप्त मजकूर बाहेरच्या कुणालाही काढून घेता येत होता. कोड सगळ्यांसमोर उघडा होता, तरी चूक जाहीर व्हायला २०१४ चा एप्रिल उजाडला. ‘हार्टब्लीड’ या नावानं ती गाजली. त्यानंतर कळलं की या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. पाणी सगळ्यांनी न्यायचं, गाळ कुणी उपसायचा नाही. पुढे मोठ्या कंपन्यांनी निधी उभा केला, तो गाजावाजा झाल्यावर.

दुसरी घटना याहून गंभीर आहे, कारण तिथे चूक नव्हती, बेत होता. फाइली दाबून लहान करणारं एक्सझेड नावाचं साधन आहे. लिनक्सवर जवळपास सगळीकडे ते असतं, आणि त्याची देखभाल लासे कॉलिन हे फिनलंडमधले प्रोग्रॅमर वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्यानं करत होते. २०२१ मध्ये ‘जिया तान’ असं नाव लावणारं कुणीतरी छोटे छोटे, नेटके पॅच पाठवू लागलं. २०२२ मध्ये आणखी काही नावं अवतरली आणि तक्रार करू लागली की काम फार रेंगाळतंय, दुसऱ्या कुणाला तरी सोबत घ्या. ही नावं त्याच कारस्थानातली होती, असं आता मानलं जातं. कॉलिन यांनी उत्तर दिलं की मनःस्वास्थ्याच्या तक्रारींमुळे आपल्याला पुरेसं लक्ष देता येत नाही आणि हे विनामोबदला, हौसेचं काम आहे. मदतीला समोर तत्पर माणूस उभाच होता. हळूहळू जिया तान त्या घराचा दुसरा राखणदार झाला.

२०२४ च्या फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये निघालेल्या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. दुरून सर्व्हरवर काम करण्यासाठी एसएसएच नावाची सोय वापरतात, तिथून विशिष्ट किल्ली असलेल्याला आत शिरता यावं, अशी ती योजना. गिटच्या चोपडीत ती पूर्ण दिसत नव्हती. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत दडवला होता, आणि त्या कुणी उघडून पाहत नाही. त्याला जागं करणाऱ्या ओळी तर फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात घातल्या होत्या. यादी स्वच्छ, पाकिटात मात्र एक पदार्थ जास्त.

सापडला तो कसा? आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंते पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसवर काम करतात. वेगाच्या मोजण्या घेताना त्यांना दिसलं की एसएसएचनं आत शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. तुम्ही-आम्ही दुर्लक्ष केलं असतं. त्यांनी धागा सोडला नाही आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळं जाहीर केलं. तोवर हे एक्सझेड मुख्यतः डेबियन, फेडोरा यांसारख्यांच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत पोचलं होतं. ते तातडीनं मागे घेतलं गेलं, सर्वसामान्य वापरातल्या स्थिर आवृत्त्या वाचल्या.

यावर दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलं. एक पक्ष म्हणाला, पाहा, उघडेपणा कामाला आला. दुसरा म्हणाला, उघडेपणामुळेच चोर घरात आला. मला दोन्ही अर्धवट वाटतात. कोड बंद असता तर फ्रॉइंड यांना त्या अर्ध्या सेकंदाचा माग इतक्या आत काढता आला नसता, हे खरं. पण हल्ला कोडवर झालाच नव्हता. तो झाला एका दमलेल्या माणसावर. आणि त्यासाठी वापरलेली हत्यारं कोणती? नेटके पॅच, गोड बोलणं, दोन वर्षं जमवलेली पत. ज्या गुणांवर ही सगळी पद्धत चालते, तेच. त्यामुळे तपासणीची नवी यंत्रं आणून हा प्रश्न पुरता सुटेल असं मला वाटत नाही. राखणदार एकटा पडू नये यासाठी पैसा आणि माणसं दोन्ही लागतात. जर्मन सरकारनं २०२२ पासून अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी निधी द्यायला सुरुवात केली आहे. ज्या कंपन्या हे सॉफ्टवेअर रोज वापरतात, त्यांनी राखणदाराला ‘लवकर करा’ अशी पत्रं पाठवण्याऐवजी आपला एखादा माणूस आठवड्यातून एक दिवस त्या कामाला दिला, तरी पुष्कळ होईल.

लासे कॉलिन पळाले नाहीत. ते परतले, कारभार पुन्हा हाती घेतला आणि झालेले बदल तपासायला बसले. २९ मे २०२४ रोजी त्यांनी नवी आवृत्ती काढली. तिच्या बदलांच्या यादीत इतर दुरुस्त्यांच्या जोडीला, त्यांच्याइतक्याच थोडक्या शब्दांत, चोरदरवाजा काढून टाकल्याची नोंद आहे.