शाळा सोडायची नाही, पण घरातही शाळा हवी

सुखवस्तू घरांतून गेली काही वर्षे एक नवी टूम निघाली आहे. मुलाला शाळेत घालायचेच नाही, आईवडिलांनी घरीच शिकवायचे. हाताने वस्तू बनवायच्या, बागेत काम करायचे, आजोबांच्या काळची पुस्तके वाचायची आणि परीक्षा पुढे कधीतरी बाहेरून द्यायची. यात चांगले बरेच आहे. पण आपल्या वस्तीतल्या एखाद्या बंधूने ऐकून-वाचून तसे करायचे मनात आणले, तर त्याला आधीच सांगितले पाहिजे की बाबा रे, हे तुझ्या-माझ्यासाठी नाही.

कारण अगदी साधे आहे. आपल्याला शाळेचे दार कोणी सहज उघडून दिलेले नाही. वर्गाबाहेर बसून, घरून आणलेल्या गोणपाटावर बसून आपली माणसे शिकली. शिवाय शाळेच्या रजिस्टरातली नोंद ही आपल्याकडे नुसती हजेरी नसते. जातीचा दाखला काढायचा, पुढे त्याची पडताळणी करायची, शिष्यवृत्ती घ्यायची, वसतिगृहात जागा मिळवायची, तर प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा मागतात तो शाळा सोडल्याचा दाखला. आजोबांचा दाखला सापडत नाही म्हणून हेलपाटे घालणारी घरे प्रत्येक गल्लीत आहेत. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तो हक्क आपण का सोडायचा?

मग घरी शिकवायचे नाही का? शिकवायचे. पण शाळेच्या ऐवजी नव्हे, शाळेच्या जोडीला.

बाबासाहेबांचे घर आठवा. सुभेदार रामजी फौजेतल्या शाळेत हेडमास्तर होते. त्यांनी भिवाला नुसते शाळेत घातले नाही, तर घरी बसवून हावर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्याच्याकडून पक्की करून घेतली. परळच्या डबक चाळीतली एकच खोली. उशाशी जाते, पायाशी शेळी. मुलगा लवकर झोपे, बाप रात्री दोनपर्यंत जागा राही, मग त्याला अभ्यासाला उठवी आणि आपण त्या जागी अंग टाकी. मुलाला पुस्तक हवे म्हणून लेकींकडे जाऊन उसने पैसे मागायला, त्यांचा दागिना गहाण टाकायला या बापाला संकोच वाटला नाही. एल्फिन्स्टन हायस्कूल होतेच, पण त्या शाळेमागे ही खोलीही उभी होती.

त्याही आधी जोतिरावांनी सावित्रीबाईंना घरीच शिकवले, आणि १८४८ साली त्यांच्याच हातून भिडेवाड्यात मुलींची शाळा चालवली. हेच जोतिराव १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगतात, की खेड्यातल्या मुलांना वाचन आणि हिशेबाबरोबर शेतीची प्राथमिक माहिती आणि आरोग्याचे धडेही द्या. हाताला कळेल असे शिक्षण हवे, ही मागणी आपल्याच घरातून झालेली आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. हातकामाच्या नावाखाली आपली मुले पुन्हा बापजाद्यांच्या धंद्याला जुंपली जाण्याचा धोका काल्पनिक नाही. १९५३ साली मद्रास प्रांतात राजाजींच्या सरकारने अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा अशी योजना आणली होती. पेरियारांनी आणि बहुजन समाजाने ती हाणून पाडली. १९५४ साली राजाजींना जावे लागले आणि योजना रद्द झाली. म्हणून मुलाच्या हातात करणी द्यायची ती गवंडी होण्यासाठी नव्हे, तर त्या करणीमागचे गणित त्याला दिसावे म्हणून.

आणि गणित खरोखरच आहे! गवंडीकाम करणारा बाप म्हणतो, मी अडाणी, मी काय शिकवणार? पण तो भिंतीचा कोन कसा काढतो? एका बाजूला ३ फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण, आणि दोन्ही खुणांमधले अंतर ५ फूट भरले म्हणजे कोपरा गुण्यात आला. हा पायथागोरसचा सिद्धांत. रविवारी सुतळी आणि खडू घेऊन लेकीसमोर जमिनीवर हे करून दाखवा. ती पाचवी-सहावीत असेल तर म्हणावे, ३ चा वर्ग, ४ चा वर्ग, बेरीज कर बघू. हीच गोष्ट पुढे वरच्या वर्गात फळ्यावर आली, की तिला ती आपल्या बापाची वाटेल.

लहानग्यांसाठी काड्यापेटीच्या काड्या घ्या, गुल खरवडून टाका. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी मिळते, तिचे नखाएवढे तुकडे करून त्यांत काड्या खोचा. आधी चौकोन करायला सांगा. बोटाने ढकलला की तो कलंडतो. मग त्रिकोण करा. तो काही केल्या हलत नाही. आता मुलाला रेल्वेचा पूल दाखवा, गोदामाच्या पत्र्याखालची कैची दाखवा, त्यात त्रिकोण किती ते मोजायला लावा. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आणि देशभर टाकाऊ वस्तूंपासून अशी खेळणी मुलांना शिकवण्यात आयुष्य घातले. त्यांची पुस्तके इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. त्यांच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, पाने, खडे यांवर बालवाडी चालवली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. महागड्या खेळण्यांची जाहिरात बघून ज्या आईचा जीव खालीवर होतो, तिने हे लक्षात ठेवावे.

बौद्ध घराला तर ही पद्धत परकी वाटायलाच नको. मज्झिम निकायात भगवंतांनी राहुलाला केलेला उपदेश आहे. भांड्यात तळाशी थोडेसे पाणी ठेवून ते दाखवले, मग ओतून टाकले, मग भांडे उपडे केले, मग रिकामे दाखवले; आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणपण तसेच असते हे समजावले. हातात भांडे होते म्हणून ते पोराला कळले. सम्राट अशोकाने भाब्रूच्या लेखात हाच राहुलोवाद ऐकायला सांगितला आहे. वंदनेनंतर घरातल्या तांब्यावर हे एकदा करून पाहा.

पुस्तकांचे काय? जुने ते सगळे सोने असे मुळीच नाही. जुन्या गोष्टींतून जातीचा आणि दैववादाचा कचराही पुष्कळ आहे. आधी आपण वाचावे, मग मुलाला द्यावे. पण धर्मानंद कोसंबींच्या १९१४ च्या ‘बुद्धलीलासारसंग्रहा’तली एखादी जातककथा रात्री मोठ्याने वाचून बघा. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र विद्यार्थी भीमरावाच्या हाती दिले होते, हे आपण जाणतोच. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक मोबाईलवर विनामूल्य वाचता येतात. विहाराच्या वाचनालयात मुलांचे एक वेगळे कपाट नसेल, तर पुढच्या बैठकीत तो विषय जरूर काढा.

ज्या आईला अक्षरओळख नाही, तिने भाकऱ्या थापताना मुलाला मोठ्याने वाचायला सांगावे, आणि मध्येच विचारावे, ‘मग पुढं काय झालं?’ अडखळला तर अडखळू द्यावे. रोज अर्धा तास झाला तरी पुष्कळ. विजेचे बिल, रेशनची पावती, बसची पाटी ही सगळी वाचण्याचीच सामग्री आहे. शिकवणीला महिन्याला पैसे मोजूनही तिसरीतले मूल धड वाचत नसेल, तर गुरुजींना जाब विचारावाच, पण ही अर्ध्या तासाची बैठक त्यासाठी थांबवू नये.

शेवटी एक सहल सुचवतो. मुंबई-ठाण्याकडच्या मंडळींना बोरिवलीची कान्हेरी लेणी जवळ आहेत. शंभराहून जास्त लेणी, आणि पावसाचे पाणी अडवायला कातळात खोदलेल्या टाक्या. जाण्यापूर्वी घरी धम्मलिपीची चार अक्षरे गिरवा. ‘क’ म्हणजे अधिकचे चिन्ह, ‘ठ’ म्हणजे वर्तुळ, ‘ग’ म्हणजे घराचे उतरते छप्पर, ‘न’ म्हणजे आडव्या रेघेवर उभी काठी. मुलाचे नाव गगन असेल तर दोन छपरे आणि एक काठी, झाले नाव! लेण्यातल्या शिलालेखात ही अक्षरे कुठे कुठे सापडतात ते त्यालाच शोधू द्या, आणि टाक्या मोजून वहीत लिहू द्या. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा रविवारी सकाळी लवकर निघावे आणि पाणी व भाकरी घरूनच बांधून न्यावी.