शिशाची 'कृती-पातळी' म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे

अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातील शिशाबाबत 1991 पासून एक आकडा सांगितला जातो: लिटरमागे 15 मायक्रोग्रॅम (ग्रॅमचा दहा लाखावा भाग). पाणी त्याच्या आत असले की सुरक्षित, असा समज होतो, आणि तो स्वाभाविक आहे. बहुतेक प्रदूषकांच्या मर्यादा तशाच वाचल्या जातात. हा आकडा मात्र कृती-पातळी (यंत्रणेने हालचाल करण्याची खूण) आहे.

शिसे सहसा शुद्धीकरण केंद्रातून येत नाही. ते जुन्या जोडनळ्या, डाख आणि पितळी तोट्या झिजून पाण्यात उतरते. त्यामुळे निवडक घरांत रात्रभर साचलेल्या पाण्याचे नमुने घेतात. दहा टक्क्यांहून अधिक नमुने पातळी ओलांडतात, तेव्हा पाणीपुरवठादाराला गंजरोधक प्रक्रिया करावी लागते, नागरिकांना कळवावे लागते. वर्गातली दहा टक्क्यांहून जास्त मुले नापास झाली तर शाळेला जाब विचारायचा, असा हा नियम. शाळा जाब देण्यातून सुटली म्हणून आपले मूल पास झाले, असे ठरत नाही.

आरोग्याचे उद्दिष्ट वेगळे आहे: शून्य. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही सुरक्षित मात्रा ज्ञात नाही. गंजरोधक प्रक्रिया का हवी, हे एका उदाहरणावरून दिसते: मिशिगनमधील फ्लिंट शहरात 2014 साली पाण्याचा स्रोत बदलताना गंजरोधक प्रक्रियाच केली गेली नाही, आणि नळ्यांतले शिसे घरोघरी पोहोचले.

2024 मध्ये जाहीर झालेल्या सुधारणेत कृती-पातळी लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमवर आणली आहे. तिचाही अर्थ तोच.