ताटात ऊन, भिंतीवर उजेड!

एक स्टीलचं ताट घे. कोणतंही चालेल, फक्त घासलेलं हवं! आता दारात उन्हात उभं राहा आणि ताट जरासं तिरपं कर. बघ, बघ! घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, फळीवरच्या डब्यांवर, उजेडाचा एक गोळा नाचायला लागला. डब्यामागची पालसुद्धा दचकून पळाली!

हा कवडसा. कंपासपेटीच्या झाकणाने तो वर्गात फळ्यावर पाडायचा नसतो बरं का. (मी पाडलाय. बाकावर उभा राहिलोय.)

आता गंमत ऐक. सोयगाव तालुक्यात हाच खेळ मोठी माणसं खेळत आली आहेत. तेही जगभरातून पाहुणे येतात अशा ठिकाणी! कुठे असेल, सांग पाहू?

अजिंठ्याच्या लेण्यांत!

हो, हो, माहीत आहे, अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात आहे. पण लेणी आहेत सोयगाव तालुक्यात, फर्दापूरजवळ. वाघूर नदी तिथे घोड्याच्या नालेसारखी वळते आणि त्या वळणावरच्या कड्यात तीसेक लेणी कोरलेली आहेत. सगळ्यात जुनी तर 2000 वर्षांहूनही आधीची!

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात जाऊ या. आत भलंमोठं दालन, एकेक बाजू साधारण 20 मीटरची. तुमच्या शाळेचे सात-आठ वर्ग सहज मावतील! पण उजेड येणार कुठून? फक्त समोरून. बाकी तिन्ही बाजूंना डोंगर, वरही डोंगर. खिडकी पाडायची म्हटली तर अख्खा डोंगर फोडावा लागेल.

आणि अशा अंधारात भिंतीभर चित्रं! माणसं, हत्ती, फुलं. माळेतला मणी न् मणी वेगळा. छतावरसुद्धा! मग चित्रकारांना दिसत कसं होतं?

तेलाचे दिवे तर असणारच. पण जाणकार आणखी एक युक्ती सांगतात. दाराबाहेर चकचकीत धातूचा पत्रा किंवा पांढरं कापड धरायचं. ऊन त्याच्यावर आपटतं आणि उडी मारून आत येतं! आत दुसरं कापड धरलं की तिथून आणखी एक उडी. लगोरीचा चेंडू एकाने दुसऱ्याकडे टाकावा, तसं ऊन पास करायचं! पुढे कित्येक वर्षं पर्यटकांनाही तिथे असाच उजेड दाखवत असत, चंदेरी कागद लावलेल्या फळीने.

थांब, एक प्रश्न. ताट चकचकीत असतं, ते ठीक. पण पांढरं कापड कुठे चकाकतं?

चेंडू भिंतीवर मारला की तो एकाच दिशेने परत येतो. ताट उजेडाचं तसंच करतं, म्हणून एकच गोळा दिसतो. आता मूठभर मुरमुरे भिंतीवर मार. (मनातल्या मनात मार, नाहीतर झाडू तुझ्याच हातात येईल.) ते सगळीकडे उडतात ना? पांढरं कापड उजेड तसा उधळतं. गोळा दिसत नाही, पण खोली उजळते!

म्हणजे काय झालं? तुझ्या घरातली पांढरी भिंतसुद्धा दिव्याच्या मदतीला येते, आणि तीही विजेशिवाय! काळपट भिंत मात्र बकासुर. दिव्याने वाढलेला उजेड ती गिळून टाकते. खोटं वाटतं? रात्री टॉर्च आधी पांढऱ्या छताकडे धर, मग काळ्या दप्तरावर धर. खोली केव्हा जास्त उजळली ते बघ.

अजून एक जादू अजिंठ्याच्या त्याच पहिल्या लेण्यात आहे. आतल्या गाभाऱ्यात बुद्धांची मोठी मूर्ती आहे. वाटाडे टॉर्च घेऊन दाखवतात. एका बाजूने उजेड टाकला की चेहरा गंभीर. दुसऱ्या बाजूने टाकला की किंचित हसरा! समोरून टाकला की शांत, ध्यानात बुडालेला. दगड तोच, टॉर्च तोच. फक्त सावल्या सरकल्या!

हनुवटीखाली टॉर्च धरून धाकट्या भावंडाला घाबरवलं असशीलच. तीच ही करामत. म्हणून दिवा किती मोठा, यापेक्षा तो कुठे, हे आधी बघायचं. अभ्यासाला बसताना दिवा पाठीमागे असेल तर वहीवर आपलीच सावली पडते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा, डावखुऱ्याने उजवीकडे. एक रुपया खर्च नाही, आणि खोली नवी वाटते!

आता बल्बकडे वळू. जुना, पिवळा, आत तार असलेला. कोंबडीची पिल्लं थंडीत कुठे ठेवतात, पाहिलंस कधी? त्याच बल्बखाली! का? तो तापतो म्हणून. खरं सांगू? तो दिवा नाहीच, ती चूल आहे! त्याला 100 रुपयांची वीज दिली तर जेमतेम पाचेक रुपयांचा उजेड देतो. बाकीचे सगळे उष्णतेत उडवतो. चुलीच्या जाळावर अभ्यास करण्यातलाच प्रकार!

एलईडी तसा उधळ्या नाही. 60 वॅटचा पिवळा बल्ब देतो तेवढा उजेड तो साधारण 9 वॅटमध्ये देतो. रोज पाच तास लावला, तर 30 दिवसांत पिवळा बल्ब 9 युनिट खातो. आणि एलईडी? दीड युनिटसुद्धा नाही!

त्याहून भारी गोष्ट तर पुढेच आहे. आजीच्या खोलीत रात्रभर जळणारा 'झिरोचा बल्ब' माहीत आहे ना? झिरो म्हणजे शून्य. पण जुना झिरोचा बल्ब 12 ते 15 वॅट वीज घ्यायचा! म्हणजे तो मिणमिणता झिरो आपल्या लखलखीत 9 वॅटच्या एलईडीपेक्षा जास्त खायचा! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

बंद केलेल्या एलईडी टॉर्चमध्ये डोकावून बघ. छोटासा पिवळा ठिपका दिसेल. आतला दिवा खरं तर निळा असतो, त्याच्यावर पिवळ्या भुकटीचा थर असतो. निळा आणि पिवळा उजेड मिसळला की डोळ्यांना पांढरा दिसतो! लाल एलईडी 1962 मध्येच झाला होता. निळ्याने मात्र शास्त्रज्ञांना तीसेक वर्षं दमवलं! तो जमवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं नोबेल मिळालं.

दिव्याच्या उष्णतेची चिंता अजिंठ्यातही आहे, कारण उष्णतेने आणि झगझगीत उजेडाने जुने रंग खराब होतात. म्हणून काही लेण्यांत उजेड केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूंमधून आणला आहे. दिवा एकीकडे, उजेड दुसरीकडे! बागेत पाइपातून पाणी यावं तसा उजेड येतो, आणि दिव्याची उष्णता दिव्यापाशीच राहते.

तर या रविवारी ताट घे आणि घरातला सगळ्यात अंधारा कोपरा शोध. तिथे पांढरा कागद चिकटवून ऊन पास करून बघ. कवडसा कुणाच्या डोळ्यांवर मात्र पाडायचा नाही! आणि लेणी बघायला जायचं ठरलं, तर कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेव, तिथे तो चालत नाही. सोमवारही टाळ. सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात.